भिंती ठरेपर्यंत

माझी सगळी नोकरी तयार भिंती विकण्यात गेली. इंजिनियर होते मी, म्हणजे नेमणुकीच्या कागदावर भिंती बनवणारी. पण बनवणं सोपं असतं हो, लोकांच्या गळी उतरवणं महाकठीण, म्हणून विकण्यात म्हणते. दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे कारखाने उभे राहायला लागले, त्या दिवसांतली गोष्ट. ज्याला त्याला शेड कालच हवी असायची. आम्ही भिंत जागेवर बांधायचोच नाही. आमच्या यार्डात लोखंडी साच्यात सळया बांधायच्या, काँक्रीट ओतायचं, वाफ देऊन घट्ट करायचं आणि ट्रेलरवर घालून न्यायचं. तिकडे क्रेन तयार. उचल, ठेव, सांधे भर, पुढची घे. प्रीकास्ट म्हणतात ते हेच.

फायदे विचाराल तर झोपेतही सांगेन. प्लॅस्टर नको, पाणी कमी, रस्त्यावर वाळू-विटांचे ढीग नकोत. होळीला मजूर गावी गेले म्हणून काम अडत नाही. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद, म्हणून हात चोळत बसावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ. इकडे पाया खणला जातोय तोवर तिकडे भिंती तयार. हे सगळं मी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची. घरी सांगताना मात्र माझा आवाज चढायचा.

घर म्हणजे दिल्लीत आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर. बाबा एका मंत्रालयात अधिकारी, पुण्याहून तरुणपणी आले ते इथलेच झाले. आईचा सगळा संसार क्वार्टरांमधून झाला. ओटा बुटका असला तरी तोच, खिडकी पश्चिमेला असली तरी तीच. भिंतीत साधी फळी ठोकायची तर इन्क्वायरी ऑफिसात अर्ज, आणि तिथला माणूस येऊन "देखेंगे जी" म्हणून जाणार. आई कुरकुरायची नाही. पण कुणाच्या स्वतःच्या घरी जाऊन आलो की बसमध्ये गप्प बसायची. "त्यांच्या मोरीला उतार चांगला दिलाय," एवढंच म्हणायची.

बाबांना दिल्लीलगत फरीदाबादला प्लॉट मिळाला सरकारी लॉटरीत. तेव्हा तिथे नुसते खांब आणि सेक्टरांचे आकडे होते. रिटायर होता होता बांधू, असं ठरलं. आणि त्याच सुमारास आई शब्द विसरायला लागली.

आम्हाला कळलंच नाही. कळणार कसं? दिल्लीत वाढलेल्या माझ्यासारख्या पोरांचे अर्धे मराठी शब्द आधीच गळलेले. आई उलथन्याला "पलटा" म्हणाली तर आम्ही खिदळायचो, "आई, दिल्लीवाली झालीस एकदाची!" मग ती "ते हे, वो क्या कहते हैं" करायला लागली, तेव्हाही हसलो. दुधाच्या बूथवरून परत येताना शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरली आणि परक्या दाराची बेल वाजवून उभी राहिली, त्या दिवशीसुद्धा बाबा म्हणाले, "अगं, सगळे ब्लॉक सारखेच, माझंही होतं असं." पुण्यात असतो तर कुणीतरी मावशी, काकू चार दिवसांत म्हणाली असती, हिचं काहीतरी बिघडलंय. इथे आम्ही सगळा दोष दिल्लीवर टाकून मोकळे झालो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे बोलले. हे वाढत जाणार, म्हणाले. मग विचारलं, राहताय कुठे? बाबांनी क्वार्टरचं सांगितलं, रिटायरमेंटचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "घर बदलायचं असेल तर लवकर बदला, आणि एकदाच बदला. अजून नवी जागा त्या शिकतील. दार कुठे, बाथरूम कुठे, बटण कुठे, हे आत्ता डोक्यात बसेल. पुढे नाही बसणार."

बाहेर आल्यावर आई शहाळं पीत होती आणि बाबा उन्हात नुसते उभे होते. मी मात्र मनातल्या मनात उडीच मारली. अरे, हे तर माझंच काम! वेळ कमी आहे ना? वेळच तर विकते मी.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मागे लागले. नव्या सेक्टरांत घरं बांधायची, असं कंपनीच्याही डोक्यात घोळत होतंच. नमुन्याचं घर म्हणून करू, म्हणाले साहेब. पाया धरून चार-पाच महिने. मी रविवारी बाबांना यार्डावर घेऊन गेले. आईलाही नेलं. ती साच्यांमधून पदर सावरत फिरली, आणि बाबांनी उभ्या पॅनेलवर बोटाने टकटक केली. दिल्लीत कुणीही घर बघायला गेला की आधी भिंत वाजवतो. ते पॅनेल नेमकं मधे पोकळ्या ठेवलेलं होतं, वजन कमी व्हावं म्हणून. "पोकळ वाजतंय," बाबा म्हणाले. मी तिथेच सगळं शास्त्र ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आणि ओटा कुठे, खिडकी कुठे, हे कधी सांगायचं?"

"आधीच. ड्रॉइंग पक्कं झालं की साचा लागतो. खिडकीचं भोक, पाइपाचं भोक, बटणाची डबी, सगळं त्यातच. मग बदल नाही."

"मग बदल नाही," ते पुन्हा म्हणाले.

परतीच्या वाटेवर आई पेंगत होती, तेव्हा त्यांनी मला सांगून टाकलं. "अगं, तिने तीस वर्षं दुसऱ्याने ठरवलेल्या घरात काढली. एक खिळा मनासारखा ठोकला नाही. आता तिचं घर होतंय, तर तिला आज, या आठवड्यात सगळं ठरव म्हणू? तिला आज ठरवता येत नाही गं. विटेचं घर थांबतं. ती उभी राहील, बघेल, सुचेल तसं सांगेल. नाही आवडलं तर तोडू."

माझं डोकंच सणकलं. "बाबा, तिला ठरवायला वेळ देताय, पण वेळच नाहीये!" गाडीत आई दचकून जागी झाली. "काय झालं? कोण आलं?" म्हणाली.

झालं. विटेचंच घर सुरू झालं. ठेकेदार तिथलाच, गोड बोलणारा, "हो जाएगा जी, बिल्कुल हो जाएगा" म्हणणारा. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि घर जोत्यावरच होतं. म्हणून आम्ही फरीदाबादेत भाड्याची जागा घेतली. एकदाच बदला म्हणाले होते डॉक्टर. आईने ती भाड्याची जागा शिकायचा जिवापाड प्रयत्न केला. भिंतीला हात लावत लावत बाथरूमपर्यंत जायची आणि पोचली की आम्हाला हाक मारून सांगायची, "बरोबर आले!"

रोज सकाळी बाबा तिला साइटवर घेऊन जायचे. डोक्यावर छत्री धरायचे. मी सुट्टीच्या दिवशी जायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा.

"हे कुणाचं घर?" आई विचारायची.

"तुझं."

"माझं? मग ओटा इकडे घ्या की. तिकडे पाठीवर ऊन येईल."

आणि बाबांचा चेहरा असा फुलायचा! लगेच ठेकेदाराला हाक. ओटा हलायचा. पुढच्या आठवड्यात ती म्हणायची, इथे खिडकी नको, समोरचे घरात बघतील. खिडकी बुजवली. महिन्याभराने त्याच भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, "एवढा अंधार? इथे खिडकी नाही ठेवली?" बाबा म्हणाले, "ठेवू की." ठेकेदाराला म्हणाले, "तोड दो." मी मधे पडले, "बाबा, तिनेच बुजवायला लावली होती," तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. ती खिडकी दोनदा उघडली, दोनदा बुजली. मजूर गावी जायचे, विटा संपायच्या, पावसाळा यायचा. ठेकेदार तर खूशच होता, त्याचं काय जातंय? बाबांना यातलं काही दिसत नव्हतं. आईने बोट दाखवावं आणि भिंत पडावी, यात त्यांना जो आनंद होता ना, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कशानेही बघितला नाही. आईलाही होता. ती पडणाऱ्या विटांकडे बघून टाळ्या वाजवायची. हे लिहिताना मला राग येतो, आणि रडूही येतं.

तिकडे मानेसरला मी शेडमागून शेड उभी करत होते. गाड्यांना सीट बनवणारे आले, आरसे बनवणारे आले. उन्हाळ्यात मोकळं रान असायचं आणि दिवाळीला त्याच जागी पूजा. लोक माझे हात हातात घेऊन म्हणायचे, "मैडम, कमाल कर दिया." कंपनीच्या बसमधून घरी येताना ते शब्द मला टोचायचे. सीट आणि आरशांसाठी वेळ वाचवत होते मी. आईसाठी नाही वाचवता आला.

तीन वर्षांनी घर झालं. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. वास्तुशांतीला दिल्लीतली मराठी मंडळी आली, मोरीच्या उतारापर्यंत सगळ्याचं कौतुक झालं. आई नवं लुगडं नेसून पाटावर बसली, गुरुजी सांगतील तसं करत राहिली. लोक पांगले. संध्याकाळी मी पाट उचलत होते, तर आई पिशवी घेऊन दाराशी उभी.

"छान झालं हो सगळं," ती बाबांना म्हणाली. "अहो, चला आता. घरी जाऊ या."

बाबा हसले. त्यांना वाटलं, दमली आहे. "अगं, हेच आपलं घर."

ती पण हसली, परक्याच्या घरी हसावं तसं. "हो, पण आपल्या घरी कधी जायचं?"

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. घर तिच्या डोक्यात बसलंच नाही. ओटा जिथे हवा तिथे होता आणि ती गॅस शोधायची. खिडकी होती, ती खिडकीला दार समजायची. रात्री उठली तर भिंतीला हात लावून उभी राहायची आणि हाक मारायची. "बरोबर आले" मात्र कधी म्हणाली नाही.

शेवटी एका दुपारी बाबा तिला गाडीत घालून आर. के. पुरमला घेऊन गेले. मी बरोबर होते. आमच्या जुन्या ब्लॉकखाली गाडी थांबवली. आईने मान वर केली आणि गॅलरी एका नजरेत ओळखली. किती दिवसांनी तिचा चेहरा जागेवर आला. मग म्हणाली, "आपल्या गॅलरीत कुणाचे कपडे वाळतायत?" बाबांनी गाडी सुरू केली.

त्या संध्याकाळी तिला झोपवून बाबा ओसरीवर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या त्या भिंती. खरं सांग. पाच महिन्यांत झालं असतं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर तोंडपाठ होतं. किती वेळा बसमध्ये बसून मनातल्या मनात त्यांना सुनावलं होतं मी ते! मान वर करून बघितलं, तर बाबा केवढे म्हातारे दिसत होते.

"नसतं झालं, बाबा," मी म्हणाले. "आपल्या गल्लीत क्रेनच वळली नसती."

बाबांनी समोर बघितलं. समोर सेक्टरचा रस्ता होता, ऐसपैस, दोन ट्रक सहज एकमेकांना ओलांडून जातील असा. त्यांनी तो नीट बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हो," ते म्हणाले. "नसती वळली."