स्वस्तिकाखालची रिकामी जागा

आमच्या चितेगावच्या कारखान्यात दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर बनतात. त्यातला प्रोग्रॅम मी लिहिते, आणि हे सांगताना मी अजिबात लाजत नाही. माल गाडीत चढण्याआधी प्रत्येक पॅनेलच्या दारावर आतून हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतात. त्याच्या खाली 'शुभ लाभ' लिहावं तशा भक्तिभावाने मार्करने पासवर्ड लिहायची आमच्याकडे रीतच पडली होती. सगळ्या पॅनेलना एकच पासवर्ड. मी कामाला लागले तेव्हापासून त्यावरून कटकट करत होते. "गिऱ्हाईक विसरतं, मग फोन आपल्यालाच येतात," असं साहेब म्हणायचे आणि चहा मागवायचे.

मग एका उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या मावशीच्या टाकीतलं दूध नासलं.

मावशी पडेगावच्या पुढे एका गावात दूध संकलन केंद्र सांभाळते. सकाळी झाकण उघडलं तर सगळं दूध फुटलेलं, आणि पॅनेलवर चारच्या जागी चौदा अंश. दारावरचा पासवर्ड वाचून कोणीतरी खेळ केला होता. कोणी, ते आजवर कळलेलं नाही. केंद्रात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता, पण जबाबदारी मावशीची, म्हणून खापर तिच्या डोक्यावर फुटलं. पुन्हा असं झालं तर दुसरी बाई बघू, असं दूध सोसायटीच्या चेअरमननी तिला सगळ्यांदेखत ऐकवलं.

फोनवर ती रडली नाही, चिडलीच. "बये, तुमच्या डब्ब्याला कुलूप हाय का नुसता देखावा? लोक मलाच नावं ठेवायलेत."

मी तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आवाज चढला असेल माझा, चढतोच. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तुमच्या मावशींच्या टाकीवर करून बघा. पण पासवर्ड विसरल्याचा एक जरी फोन आला, तर जुनंच चालू राहील."

माझा बेत असा: पॅनेल पहिल्यांदा चालू झालं की त्याने स्वतःच नवा पासवर्ड मागायचा, आणि तो दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. पासवर्ड जसाच्या तसा आत साठवायचा नाही. त्याची फक्त एक खूण ठेवायची, जिच्यावरून मूळ आकडे कोणालाच काढता येणार नाहीत, मलासुद्धा. पुन्हा पुन्हा चुकला तर दर वेळी जास्त थांबवायचं. साहेबांना सगळ्या टाक्या उघडणारा एक कंपनीचा पासवर्ड आत दडवून हवा होता. मी म्हटलं, मग स्वस्तिकाखाली लोक तोच लिहितील. त्याऐवजी, कोणी विसरलंच तर म्हणून, मी सीलबंद डब्यात एक बटण ठेवलं. ते दाबलं की जुना पासवर्ड पुसला जातो आणि तापमान आपोआप चारवर येतं.

हे सगळं बसवायला मी मावशीकडे गेले, आणि खरी गोष्ट मला तिथे कळली. लाइट गेली. आली तशी अलार्म कोकलायला लागला. मावशी दुधाचे हात तसेच घेऊन धावली, दार उघडलं, आकडे वाचले, दाबले, तेव्हा कुठे तो गप्प झाला. नुसता आवाज बंद करायलाही आमचा जुना प्रोग्रॅम पासवर्ड मागत होता! आणि लाइट तर दिवसातून कितीदा जाते. लोक दारावर लिहिणार नाहीत तर काय करतील?

तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन मी अलार्म थांबवणं आणि तापमान बघणं सगळ्यांना मोकळं करून टाकलं. पासवर्ड फक्त तापमान आणि सेटिंग बदलायला. बदल एवढासा, पण मी स्वतःवर इतकी खूश होते की परतताना क्रांती चौकात स्कूटी लावून एकटीनेच भजी हाणली.

पुढचा उन्हाळा आला आणि सरला. मावशीचं दूध नासलं नाही, विसरल्याचा फोनही आला नाही. आता सगळ्या पॅनेलमध्ये माझाच प्रोग्रॅम जातो, आणि साहेब नव्या गिऱ्हाइकांना तो स्वतःची कल्पना असल्यासारखा समजावून सांगतात. सांगोत बापडे.

मध्यंतरी मावशीकडे गेले होते. सवयीने पॅनेलचं दार उघडलं. स्वस्तिक फिकं झालेलं, खाली काहीच नाही. अलार्मची वेळ थोडी बदलावी असं मनात आलं.

"मावशे, पासवर्ड सांग ना. एक सेटिंग बदलायचंय."

तिने पदराला हात पुसले. "तुला कशाला सांगू?"

"अगं, मीच बनवलंय ना ते!"

"बनवलं आसशील. चेअरमनला बी नाय सांगितला म्या. तिकडं तोंड कर."

मी गुमान भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागे बटणं वाजत होती. पहिल्या नोकरीचं पत्र हातात पडलं तेव्हाही मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला नव्हता. आणि स्वतःपेक्षाही तिचा जास्त वाटला.

"हं, बदल आता काय बदलायचं ते," ती म्हणाली, आणि माझं काम होईपर्यंत माझ्या हातांवर नजर ठेवून शेजारीच उभी राहिली.