बाईसाहेब म्हणणारा बाप

साधना हिंगोलीत एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासायची. शिरड शहापूरचे शेषराव साखर तपासायला यायचे, सोबत त्यांचा मुलगा रणजीत. शेषरावांची साखर ताब्यात आली, तरी रणजीत येतच राहिला.

वडील काय करतात, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, शेती, सिद्धेश्वरकडं. शेती होतीच, दीड एकर. दोनशे मेंढ्याही होत्या, त्या तिनं सांगितल्या नाहीत. रणजीतकडं चाळीस एकर बागायत. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष गेलं.

मे महिन्यात रणजीतच्या आईनं तिला घरी बोलावलं. आधी मी बघते, मग मोठी माणसं बोलतील, असा पद्माबाईंचा निरोप होता. आता लपवून चालणार नव्हतं, पण पद्माबाई पोळ्या वाढत होत्या, कौतुक करत होत्या आणि साधनाची जीभ उचलत नव्हती.

जेवणानंतर चहा आला, तेवढ्यात बाहेरून हाक आली. हळदीचं पीक लावण्याआधी वावरात खतासाठी मेंढ्या बसवतात. शेषरावांनी यंदा नवीन कळप बोलावला होता. आज कोणत्या वावरात बसवू, असं मेंढपाळ विचारत होता.

साधनानं आवाज ओळखला. तो तिच्या बापाचा, नामाजीचा होता. बापाचा फोन चार दिवस बंद होता. कळप कुठं आहे, घरीही माहीत नव्हतं.

पद्माबाईंनी त्याला पायरीवर बसायला सांगितलं आणि कान तुटलेल्या कपात चहा दिला. नामाजीनं मान वर केली. सोफ्यावर लेक दिसली, नवी साडी नेसलेली. त्याला सगळं समजलं. तो खाली बघत म्हणाला, "नमस्कार बाईसाहेब."

साधना उठली. आपला कप घेऊन बाहेर गेली, बापाच्या शेजारी पायरीवर बसली. त्याच्या हातातला तुटका कप काढून घेतला आणि आपला त्याला दिला.

"हे माझे बा," ती आत बघून म्हणाली. "लग्न करायचं का न्हाई, तुमी ठरवा. पण मला बाईसाहेब म्हणायची येळ मी बापावर परत येऊ देणार न्हाई."

शेषरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नामाजी लेकीला कुजबुजून आत जा म्हणत होता. ती हलली नाही.

रणजीत बाहेर आला. "मला काहून न्हाई सांगितलं?"

"भीत होते."

"आता?"

"आता न्हाई."

तो नामाजीच्या पाया पडला आणि पलीकडच्या बाजूला टेकला. समोरच्या ओट्यावर दोन बायका गहू निवडायच्या थांबल्या होत्या. पद्माबाईंना त्या दिसल्या. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी पायरीवरच्या तिघांकडं पाहिलं, पोराकडं जरा जास्त वेळ. त्याच्या बसण्यात उठायचं लक्षण नव्हतं.

"उठा सगळे," त्या शेवटी म्हणाल्या. "सोयरा दारात बसून चहा पिऊन राहिला तं गावात आमचीच शोभा होईल. आत या, नामाजी."

नामाजी पाय धुवायला हौदाकडं निघाला. साधनानं त्याचा हात धरला. "तसेच चला, बा."

आणि धुळीच्या पायांनी, पांढऱ्या फरशीवरून, तिनं बापाला नेऊन शेषरावांच्या शेजारी बसवलं.