विधवेचं घराणं

नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला सासूबाईंनी इथे परदेशात, फ्लॅट बुश उपनगरातल्या माझ्याच घरात हळदीकुंकू ठरवलं. वर मला म्हणाल्या, तू आपली वरच्या खोलीत बस, बायकांना अवघडायला नको. माझ्या घरात, माझ्याच हॉलमध्ये चार बायकांसारखं बसता यावं, एवढंच मला हवं होतं. पण ऐन वेळी कच खाल्ली आणि किचनमध्ये चहा उकळत उभी राहिले.

सासरे पुण्यात भाषाशास्त्र शिकवायचे. इथे आल्यापासून शेजारच्या क्रोएशियन म्हातारीला कुंपणावरून शब्द विचारायचे. आगीला काय म्हणता, भावाला काय म्हणता. मुलगा गेल्यावर तर हा नाद फारच वाढला. त्या दिवशी म्हातारी पायातल्या रबरी जॅन्डल्स फटफटवत, पिशवीभर प्लम घेऊन आली. सासूबाईंनी तिला कौतुकाने सोफ्यावर बसवलं, हळदकुंकू लावलं.

सासऱ्यांना कुठला दम! बायकांच्यात येऊन त्यांनी तिला विचारलं, नवरा वारलेल्या बाईला तुमच्यात काय म्हणतात?

"उदोवित्सा," म्हातारी हसली. "म्हणजे मीच."

झालं! सासऱ्यांची कळी खुलली. रशियन 'व्दोवा', झेक 'व्दोवा', ही 'उदोवित्सा', सगळ्यांची आई एकच, जुन्या स्लाव्ह भाषेतली 'विदोवा'. ती कुठे लिहिलेली सापडत नाही, म्हणून तिच्यापुढे फुली मारायची. लेकींच्या तोंडावळ्यावरून आई ताडायची.

सासूबाईंनी तेवढं 'मीच' ऐकलं. टिश्यू घेऊन त्यांनी म्हातारीचं कपाळ पुसलं. डाग पडेल, म्हणाल्या. म्हातारी बिचारी थँक्यू म्हणाली.

"आणि आपली विधवा त्याच घराण्यातली!" सासऱ्यांनी हात केला तो थेट, ट्रे घेऊन दारात आलेल्या माझ्याकडे. वर्गात फळ्याकडे करावा तसा. बायका वळून बघायला लागल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. "बाबा, हा शब्द आईंना नीट शिकवून ठेवा. पुढे त्यांना लागेल."

सासूबाईंचा हात मंगळसूत्रावर गेला. मी खुर्ची ओढून हॉलच्या मधोमध बसले. बायका वाण न घेताच उठल्या.

त्यानंतर सासऱ्यांनी शब्द विचारणं सोडलं. दुपारी त्यांचा डोळा लागला, की सासूबाई हळूच त्यांच्या नाकाशी हात धरून बघायच्या. मी समोर भाजी निवडत बसलेली असायचे.