पारसमलभाऊंचा तेला

जळगावात आमच्या गल्लीतल्या निम्म्या डब्या-पातेल्यांवरची नावं वाकडी आहेत. ती पारसमलभाऊंनी घातलेली. भांड्यांचं दुकान त्यांचं, आणि नाव घालायचं मशीन ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. पार्किन्सन झाला, उजवा हात थरथरायला लागला, तरी नाही. कुणी तक्रार केली की म्हणायचे, "अक्का, सरळ नाव कुणाचंही असतं. हे चोरीला गेलं तर लगेच ओळखू येईल."

माणूस गमत्या, पण जैन धर्माच्या बाबतीत हटवादी. सूर्य बुडाला की पाण्याचा थेंब नाही. गोळ्यांच्या वेळासुद्धा त्यांनी डॉक्टरांशी भांडून उजेडात बसवून घेतल्या होत्या.

एकवीसच्या एप्रिलमध्ये भाऊंना कोरोना झाला. वरच्या खोलीत रवानगी. सून हर्षिता दाराशी ताट ठेवायची आणि जसंच्या तसं उचलायची. तोंडाची चव गेली असेल, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. त्या दिवसांत सगळ्यांचीच जात होती. दुसऱ्या दिवशी मात्र भाऊ लाकडासारखे आखडले. कूस वळवता येईना, खोकला घशातच अडकायचा. आमच्या गच्च्या लागून आहेत, खिडकीतून मला सगळं दिसत होतं. चेहरा असा, की हा माणूस कधी हसला असेल हे खरं वाटू नये.

हर्षिताने डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "अशा माणसाला कोरोना जड जातो. छाती आखडते, कफ सुटत नाही. ॲडमिट करा, मी बेड बघतो. पार्किन्सनच्या गोळ्या चालू आहेत ना?"

हर्षिताने भाऊंकडे पाहिलं. भाऊ पुटपुटले, "तेला केलाय."

तेला म्हणजे सलग तीन दिवसांचा उपवास. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. औषधसुद्धा नाही. ताप उतरावा म्हणून भाऊंनी मनातल्या मनात व्रत घेतलं होतं. बिनबोभाट!

डॉक्टर ओरडलेच. "त्या गोळ्या अशा एकदम बंद करतात का? जीव जाईल त्यांचा!"

भाऊंची बायको हीराबाई मास्क लावून तडक खोलीत शिरल्या. हर्षिता "मम्मीजी, मम्मीजी" करत राहिली.

"तोंड उघडा."

"पाठ म्हणून शपथ घेतलीय, पच्चक्खाण घेतलंय."

"घेतलंय ना? त्याच पाठात आजाऱ्याला औषधाची मोकळीक आहे. जन्मभर घोकलंत, कळलं काहीच नाही."

"मोकळीक घेतली तर उपवास कसला?"

मला इतका राग आला की खिडकीतून हात घालून गोळी कोंबावी. हीराबाई मात्र शांतपणे खुर्ची ओढून बसल्या. "बरं. मग माझाही तेला. आत्तापासून. हर्षिता, माझी डायबेटिसची गोळी ठेवून दे."

"तुला चक्कर येईल," भाऊ म्हणाले.

"येऊ दे. तुम्ही उचलाल."

त्या आखडलेल्या चेहऱ्यावर काही उमटणं शक्यच नव्हतं. पण डोळ्यांतून पाणी आलं. "दे," म्हणाले. ती एवढीशी गोळी गिळायला त्यांना किती वेळ लागला! दुपारी कूस वळली. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते स्ट्रेचरवरून ड्रायव्हरला घाटातल्यासारखी चालवू नको म्हणून सांगत होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लागलाच. हर्षिता रोज फोन करून नर्सला गोळ्यांच्या वेळा सांगायची. नर्स वैतागली, ही हटली नाही.

भाऊ घरी आले, पण चाल गेली ती गेलीच. आता वॉकर आहे. संसर्गाने पार्किन्सन आणखी बळावला, असं डॉक्टर म्हणाले.

पर्युषण आलं तशी भाऊंनी पुन्हा उपवासाची भाषा सुरू केली. मी तिथेच बसले होते. हीराबाई गोळी आणि पाणी घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"करा की, कोण नको म्हणतंय? आधी हे."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी हीराबाईंकडे बोट दाखवलं.

त्यांनी तोंड उघडलं.