अक्काला ऐकू येतं म्हणे

कापड गिरणीने अक्काला काढलं ते ऐकू येत नाही म्हणून, आणि अपंग भत्त्याच्या कचेरीने तिचा अर्ज फेटाळला तो चांगलं ऐकू येतं म्हणून. दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. नणंद म्हणाली, "वहिनी, ह्या दोघांना एका खोलीत कोंडा नि बाहेरून कडी लावा. काय ते एकदाचं ठरवू देत."

सव्वीस वर्षं अक्काने माग चालवले. आधी दोन, मग चार, शेवटी आठ. धोटा इकडून तिकडे आपटायचा, पट्टे फडफडायचे, पायाखालची फरशी थरथरायची. त्या धडधडाटात कानांनी कधी अंग काढून घेतलं ते तिचं तिलाही कळलं नाही. कळणार कसं? तिथे कानाने ऐकत होतं कोण! बायका आवाज न काढता ओठ मोठे करून बोलायच्या आणि समोरची बघून ऐकायची. सहा मागांपलीकडून लेकीची सोयरीक जमायची, सासूची उणीदुणी निघायची, मुकादमाची पाठ वळली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि विचारलेल्याला लगेच उत्तर द्यायचं, हा तिथला शिरस्ता. उत्तर आलं नाही तर एक तर बाई रुसली, नाहीतर तिचा हात पट्ट्यात सापडला.

मग एके दिवशी मागून कापडाच्या गठ्ठ्यांची गाडी आली. चालकाने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. अक्का वाकून तुटका धागा जोडत होती, जागची हलली नाही. गाडी वळवताना गठ्ठे कोसळले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण चौथ्या दिवशी हातात कागद पडला : श्रवणशक्ती अपुरी, कामावर ठेवणे धोक्याचे.

नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. आता भत्ता मिळाला तर ठीक, नाहीतर नणंदेच्या शिवणयंत्रावर दोघींचं पोट. नणंदेने एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि अक्काला तेच जास्त लागत होतं.

कचेरीचे खेटे सुरू झाले.

"गिरणीच्या डॉक्टरचा दाखला चालत नाही," कारकून म्हणाला. "आमचाच लागतो."

"मग तपासा की."

"यंत्र दुरुस्तीला गेलंय."

"येणार कधी?"

"ते त्या यंत्रालाच विचारा. तोवर साहेब बोलून तपासतात."

कानाच्या तपासणीला आलेल्या माणसांचे नंबर छताच्या कर्ण्यातून पुकारत होते. नणंद सोबत नसती तर अक्का त्या बाकावरच म्हातारी झाली असती.

साहेब टापटीप, तरुण. समोर बसून एकेक शब्द नीट चघळत त्यांनी विचारलं : नाव काय, घरी कोण, त्रास कधीपासून? अक्काच्या तोंडून सवयीने टणाटण उत्तरं निघाली. मध्येच साहेब तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "आज जेवायला उशीर होणार." ही म्हणाली, "आवरतं घ्या मग, माझं काही नाही."

साहेबांनी शेरा मारला : अर्जदार सामान्य संभाषण सहज ऐकते.

नणंदेने रस्ताभर कपाळ बडवून घेतलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं साहेबाच्या जेवणाची काळजी करायला?"

"विचारल्यावर गप्प कसं बसायचं, वन्सं?"

"तोंड मिटून बसायचं. सगळं जग बसतं तसं!"

दोन महिन्यांनी फेरतपासणी. तीही त्याच साहेबांपुढे! आत जाताना नणंदेने बजावलं, "नजर टेबलावर. मान वर केलीत तर माझी शपथ आहे."

अक्काने नजर टेबलावर ठेवली. टेबलावर चहाचे तीन गोल डाग होते. ते तिने मोजले, पुन्हा मोजले. साहेब बोलत असणार, पण तिच्या लेखी खोलीत सामसूम. शेवटी ते उठले, काचेच्या दारापलीकडे कारकुनाकडे गेले, दार बंद झालं. आता कसली शपथ! अक्काने मान वर केली.

आणि खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. "नाटकी कोण? मी? आणि पोपट कुणाला म्हणता हो?"

"वहिनी! कुणी काय म्हटलं?" नणंद गडबडली. तिच्या धडधाकट कानांना काचेपलीकडचं अक्षर आलं नव्हतं.

साहेब दार उघडून आले, कानापर्यंत लाल; मागोमाग कारकून. "तुम्हाला हे ऐकू कसं गेलं?"

"ऐकू नाही गेलं. दिसलं. मागच्या वेळीही दिसलंच होतं. सव्वीस वर्षं बघूनच ऐकतेय मी. खोटं वाटत असेल तर पाठ फिरवा आणि विचारा."

साहेबांनी पाठ फिरवली. अक्का त्यांच्या मानेवरच्या केसांकडे बघत राहिली. मान जराशी हलत होती, एवढंच. चौथ्या प्रश्नाला नणंदेला राहवेना. "अहो वहिनी, ते विचारताहेत…" म्हणत तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

साहेब वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "मंजूर लिही," ते कारकुनाला म्हणाले. "ओठ वाचून उत्तरं देते."

"साहेब, तसा रकाना नाही."

"समासात लिही ना!"

"मंजुरी एक वर्षाचीच होईल. नियमाप्रमाणे. मग पुन्हा तपासणी."

"वर्षभरात कान नवे फुटतात काय हो?" अक्का म्हणाली. "बरं, तोवर ते यंत्र तरी येईल का?"

कारकून खाली मान घालून समासात लिहीत होता. लिहिता लिहिताच त्याने काहीतरी उत्तर दिलं.

अक्काने टेबलावर बोटाने टकटक केलं. "मान वर करून बोला, भाऊ."