तळ्याकाठी रुसलेला जावई

मेहकरहून निघालो तो पैज लावूनच. झालं असं, की बायको म्हणाली, "तुमच्यानं घडीभर तोंड बंद राह्यत नाही." आता हे खरं आहे. मी बोलायला लागलो की आमच्या गल्लीतला पोपट पिंजऱ्यात पाठ फिरवून बसतो. पण खरं असलं म्हणून काय ऐकून घ्यायचं? मी म्हणालो, "सोनाळ्याच्या वर सातपुड्यात एक तळं आहे. तिथं पोचल्यापासून दिवस मावळेपर्यंत एक अक्षर बोलणार नाही!"

"अन बोलले तं?"

"मागशील ते."

"मंग या धोंड्याच्या महिन्यात माह्या माहेरी जेवाले यायचं."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिकमास. त्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलावून धोंडे (पुरण भरलेले कणकेचे गोळे) खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. जेवणाला मी भीत नाही हो, भीतो सासऱ्यांना. आमचे मामंजी खामगावचे, जन्म रुई-सरकीत गेलेला. ते बोलायला लागले की शेजारचे जिनिंगवाले मशीन बंद करतात, तिचा आवाज ऐकू येत नाही म्हणून. मागच्या अधिकमासात त्यांनी मला सरकीचा इतिहास सांगायला घेतला तेव्हा माझी मिशी काळी होती. संपला तेव्हा ही अशी.

सोनाळ्याची वाट खामगावातूनच जाते. मामंजींनी गाठू नये म्हणून स्टँडवर दुपट्ट्यानं तोंड असं आवळून बांधलं, की कंडक्टरनं "बसा मावशी" म्हणत मला बायांच्या सीटवर जागा दिली. मी बसलो. मिळालेली खिडकी कोण सोडतो?

सोनाळ्याला उतरून भजे खाल्ले. सोबतच्या तळलेल्या मिरचीनं अशी शिंक आली, की समोरच्या झाडावरचे बगळे थेट मध्यप्रदेशात उतरले. मग डोंगराची पायवाट. पावसानं साग न् पळस हिरवेगार झालेले, चिखल दोन्ही चपलांवर हक्क सांगणारा. एक चप्पल त्यानं ठेवूनच घेतली.

आणि चढ संपला तसं तळं दिसलं. काय सांगू! तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये पाणी, आणि शांतता एवढी की माशानं कूस बदलली तरी ऐकू यावं. एक बेडूक चुकून ओरडला आणि स्वतःच ओशाळून पाण्यात गेला. मी एका दगडावर बसलो, ओठ मिटले आणि पैज सुरू झाली.

थोड्या वेळानं बकऱ्या हाकत एक म्हातारे चाचा आले.

"काऊन हो भाऊ, एकलेच बसले? कोणाचे पाहुणे म्हणा?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि मग सूर्याकडे दाखवलं. म्हणजे दिवस मावळेपर्यंत बोलणार नाही. चाचांनी मला खालून वर न्याहाळलं. धुतलेला सदरा, एका पायात चप्पल, तोंड बंद आणि महिना धोंड्याचा.

"समजलो," ते हळहळून म्हणाले. "रुसले. तुळशीराम आबाचे जवाई ना तुम्ही?"

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"या अल्ला, लयच रुसले!" म्हणत चाचा बकऱ्या सोडून खालच्या वस्तीकडे धावले.

खाली काय घडलं होतं ते मला नंतर कळलं. आबांच्या घरी दोन जावई जेवायला आलेले. पहिलं ताट थोरल्याला वाढलं म्हणून नवा, धाकटा जावई पाटावरून उठून डोंगराकडे निघून गेला होता.

पाहतो तो धोंड्यांच्या टोपल्या घेऊन अर्धी वस्ती वर चढून आलेली. सगळ्यांत पुढे आबा. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. मागे सासूबाई, जावयासमोर रीतीनं पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. चाचांनी अन वस्तीनं नवरदेव पाहिला तो लग्नात, मुंडावळ्यांच्या आड. ओळखणारे मुलगी अन थोरला जावई, ते दोघं घरी. ओळखणार कोण मला?

"जवाईबापू, राग थुंका," आबा म्हणाले. "दोन घास खा."

मी नाही म्हणून मान हलवली.

"नाही म्हणतेत! वाढा!"

मी घाबरून हो म्हणून हलवली.

"हो म्हणतेत! वाढा!"

मी मातीत बोटानं 'मी तो नव्हे' असं लिहिलं. सासूबाईंनी त्यावरच पत्रावळ मांडली.

मग काय, खाल्लं! धोंडे एवढे मोठे की एकेकाला प्रदक्षिणा घालूनच घास घ्यावा लागे. वरून तुपाची धार अशी, की माझ्या पत्रावळीत दुसरं तळं झालं. सूर्य उतरत होता. थोडं आणखी खाल्लं की पैज खिशात.

तेवढ्यात आबांचा आवाज चिरकला. "पोरगी सकाळपासून चुलीपाशी रडून राह्यली बापू. तिले न घेता गेले तं तिनं जन्मभर काय ऐकून घ्यावं?" आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली न् माझ्या पायावर ठेवायला वाकले.

मी हातातला धोंडा पत्रावळीत टाकला. बापाच्या वयाच्या माणसाची टोपी माझ्या चिखलाच्या पायावर? पैज गेली खड्ड्यात! मी टोपी वरच्या वर धरून ओरडलो, "आबा, मी तुमचा जावई नाही होऽऽ!"

डोंगरांनीही साथ दिली, "नाही होऽऽ, नाही होऽऽ!"

आणि पलीकडच्या पळसामागून एक तरणा गडी उसळून बाहेर आला. "मंग माहे धोंडे खाऊन कोण राह्यलं बे? मी सकाळपासून उपाशी इथं रुसून बसलो, अन तुम्ही मनवून राह्यले भलत्यालेच!"

मग पदराआडून सासूबाईच पहिल्यांदा फसकन हसल्या, आणि हसू डोंगरभर पसरलं. आता सगळं गाव हसत असताना एकट्यानं रुसायचं कसं? गडी आला, माझ्या हातातली टोपी घेऊन त्यानं स्वतः आबांच्या डोक्यावर ठेवली आणि पुटपुटला, "उरले का दोन?"

"उरले," चाचा म्हणाले, "पण वाढा पटकन, हा पाहुणा पाहून राह्यला!"

संध्याकाळी तो बायकोला घेऊन हसत निघाला. मला आबांनी रात्री ठेवून घेतलं आणि सकाळी टोपी, टॉवेल न् ताटभर अनारसे दिले. मी नको म्हणालो तर म्हणतात, "माह्या घरचे धोंडे खाल्ले ना? मंग तुम्हीबी जवाईच."

घरी पोचलो. बायको म्हणाली, "काय, राह्यले गप्प?"

"एक अक्षर नाही! देवाशपथ!"

तिनं माझी पिशवी उपडी केली. टोपी, टॉवेल, अनारसे. जावयाचं वाण तिनं लगेच ओळखलं.

"लोकाच्या सासुरवाडीत जेवून आले," ती म्हणाली, "मंग माह्या बापानं काय घोडं मारलं?"

आठवड्यात खामगावी पाटावर बसलो. मामंजींनी सकाळीच सुरुवात केली. धोंडे आले, अनारसे आले, ऊन गेलं, सरकी चालूच. दिवस मावळला तसं माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून मी एक अक्षरही बोललेलो नाही. तळ्याकाठी हरलेली पैज मी सासुरवाडीत जिंकलो होतो! बायकोला सांगायला तोंड उघडलं, तर मामंजी म्हणाले, "थांबा जवाईबुवा, मधात बोलू नका."