टेप लावू?

चूक माझीच. पनामातल्या गुना आदिवासींच्या बेटांवर त्यांचाच कारभार चालतो, आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, हे आम्हाला बोटीतच सांगितलं होतं. तरी मी एका म्हातारीचा काढला.

इथे आमच्या फ्रिस्को शहरात कपडे अल्टर करून देणारी बाई त्याच बेटांवरची. माझ्या सगळ्या पँटी तिनेच आखूड केल्या आहेत. ती दातांत टाचण्या धरूनच बोलते. माप घेण्याआधी दर वेळी "टेप लावू?" असं विचारते आणि "हो" ऐकेपर्यंत थांबते. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

परत आल्यावर मी तिला कौतुकाने तो फोटो दाखवला.

"विचारून काढलात?"

"हो तर. बघा ना, हात हलवतेय."

तिने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "हात हलवत नाहीये. तोंड झाकतेय," ती म्हणाली आणि माझी पँट शिवायला बसली. ठरल्या दिवशी दिलीही, नेहमीसारखी नीट. त्याचाच जास्त त्रास झाला.

पुढच्या शनिवारी शिवायला काही नसताना गेलो. तिच्यासमोर फोटो डिलीट केला.

"मी विचारलं नव्हतं," म्हणालो. "तुमच्याशी खोटंही बोललो. माफ करा."